तान्ह्या बाळाचा सीपीआर

आज सोसायटीच्या हॉलमध्ये सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) आणि एईडीची (छातीला पॅड चिकटवून हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) परीक्षा झाली. मोठ्या माणसाचं बहुतेकांना जमत होतं: छातीच्या मध्यावर तळहात, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. पण तान्ह्या बाळाचा पुतळा समोर ठेवला आणि सगळेच थबकले. दोन नातवंडांना वाढवलेल्या शेजारच्या काकूंचाही हात पुढे होईना! परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी काकूंचे दोन्ही हात धरून बाळाच्या छातीभोवती वेढले, अंगठे मधोमध टेकवले. दाब साधारण 4 सेंटिमीटर, वेग मात्र तोच. आणि एईडीचे लहान मुलांचे पॅड नसतील तर मोठ्यांचेच लावायचे, एक छातीवर, एक पाठीवर. हे प्रत्येक आईबापाला माहीत हवंच. पुढच्या वेळी वॉचमनकाकांनाही बसवतोय; रात्री गेटवर तेच तर असतात.