मामा तलावाच्या काठावरचा विज्ञानाचा तास

परकीय आक्रमक वनस्पतींचा धडा बहुतेक ठिकाणी गाजरगवतापासून सुरू होतो आणि बरेचदा तिथेच संपतो. भंडारा-गोंदियाच्या मुलांसाठी मात्र या विषयाचे खरे पुस्तक गावाच्या माजी मालगुजारी तलावात, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या ‘मामा’ तलावात, उघडे पडलेले असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी माझ्या वर्गाला बेशरम नावाची वनस्पती दाखवायला मामा तलावावर नेते.

मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती जनावरे सहसा खात नाहीत, म्हणून लोकांनी ती कुंपणाला लावली. आणि नेमक्या त्याच गुणामुळे तलावाच्या उथळ काठावर तिला अडवणारे कोणी उरले नाही. चाऱ्याअभावी शेळ्या ती सतत खात राहिल्या, तर पानांतील विषारी द्रव्याचा त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे शेळ्या राखणाऱ्या घरांतील मुलांनी आवर्जून समजून घ्यावे. तिच्या दाट जाळीखाली गाळ साचतो, आणि जिथे एरवी देवधान (जंगली भात), पोयणा, हायड्रिला अशा देशी पाणवनस्पती वाढायच्या, मासे अंडी घालायचे, बदके चरायची, ती जागा हळूहळू बंद होते. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी धानाच्या सिंचनासाठी बांधलेल्या या तलावांवर धीवर कुटुंबांची मासेमारीही अवलंबून आहे. त्यामुळे आधी काय होते हे सांगण्याचा पहिला मान मी त्या घरांतील मुलांना देते. त्यांना आजीकडून ऐकलेली पाणवनस्पतींची नावे माझ्या पाठ्यपुस्तकात नाहीत.

या तासाला एक प्रश्न हमखास येतो: बाहेरून आलेले सगळेच वाईट का? तो यावा अशीच माझी इच्छा असते. भिवापूरच्या ज्या मिरचीचा आपल्याला अभिमान आहे, तिचे मूळही अमेरिकेतच आहे. पण मिरची लावलेल्या शेतातच राहते, स्वतःहून तलावात किंवा जंगलात शिरून तिथल्या वनस्पतींना हुसकावत नाही. परकीय आणि आक्रमक यांतला हा भेद मुलांच्या मनात पक्का झाला नाही, तर आपण विज्ञानाऐवजी केवळ तिरस्कार शिकवतो.

बेशरम काढण्याची रीतही याच धड्याचा भाग आहे. नुसती वरून छाटली तर ती पुन्हा फुटते, आणि ओल्या चिखलात पडलेल्या खोडाच्या तुकड्यालाही मुळे येतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मोठ्या माणसांनी ती मुळासकट उपटावी, काठापासून दूर कोरड्या जागी पूर्ण वाळू द्यावी. पाने आणि चीक हाताळल्यावर मुलांनी हात धुवावेत. त्यानंतर पावसाळ्यात आम्ही त्याच काठावर पुन्हा जातो आणि बेशरमचे नवे कोंब कुठे आले, देवधान कुठे दिसले, याची नोंद वहीत करतो. कारण मोकळ्या झालेल्या जागेत देशी वनस्पती परतल्या नाहीत, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा करावे लागते.