पोपडे

भिंतीला पोपडा आलेला दिसला की माझे हात शिवशिवतात. बँकेत असो की दवाखान्यात, नंबर यायला वेळ आहे आणि बाजूची भिंत फुगलीय म्हटल्यावर नख तिकडे जातंच. नुसता टवका नाही हं, तळहाताएवढा अख्खा, न मोडता निघाला पाहिजे. ज्यांनी केलंय त्यांना कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

परवा दुपारी तर राजरोस परवानगीच मिळाली, गिरगावातल्या आमच्या खोलीत मी आणि अण्णा भिंत खरवडत होतो. आम्ही दोघं एका खोलीत हीच खरं तर बातमी. माझं लग्न त्यांना पटलं नाही तेव्हापासून बोलणं बंद, आई होती तोवर तिच्यामार्फत निरोप तरी जायचे, ती गेल्यावर तेही थांबले. यंदा पावसात माळ्याची तुळई वाळवीने पोकळ निघाली आणि शेजारच्या काकूंचा फोन आला, अगं तुझे वडील या वयात स्टुलावर चढून टेकू लावतायत, ये बाई. गेले. अण्णांनी दार उघडलं आणि "पत्रा घे, त्या कोपऱ्यापासून सुरू कर" एवढंच म्हणाले.

खोली पागडीची, एकदाच ठोक रक्कम मोजून भाड्याने घेतलेली. बिल्डिंग १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या कागदांत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), 'अ' वर्ग. कायद्याने भाडं १९४० च्या आकड्यावर बांधून टाकलं ते पुढे फारसं हललं नाही, त्यामुळे मालकही हलत नाही. असो.

खरवडताना वरचा प्लास्टिक पेंट गेला की खाली पिस्ता डिस्टेंपर ("तुझी दहावी," अण्णा), त्याखाली एक भयंकर गुलाबी ("तुझी आई"), आणि तळाशी नीळ घातलेला चुना. तो मात्र मला माहितीय. दिवाळीच्या आधी अण्णा गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतायचे, आणि खाली विस्तव नाही, काही नाही, तरी डबा खदखदायला लागायचा, वाफा निघायच्या, आम्ही सगळी मजल्यावरची पोरं लांब उभी, कारण डोळ्यात उडाला तर आंधळे व्हाल अशी धमकी होती. गार झाला की नीळ आणि सरस. मग फाटका बनियन, डोक्याला पंचा आणि हातात कुंचा, ऑफिसात फाइलीमागे बसणारा माणूस त्या दिवशी काय रुबाबात असायचा! आणि मी तुळशीच्या लग्नापर्यंत पलंगामागचा कोपरा सोलून ठेवायचे आणि धपाटा खायचे.

मिस्त्री म्हणाला सिमेंटचा गिलावा मारू, वर पुट्टी, चार दिवसांत मोकळे. मला पटलं. अण्णा उखडले. जुनी चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि पोपडे तिथेच धरतात, हे तुला शाळेत शिकवलं नाही का? मी म्हटलं चुना वाळायला लागणारे आठवडे कोण मोजणार, आणि चुन्याचं काम येणारा माणूस आणायचा कुठून? आवाज इतके चढले की काकू डोकावून गेल्या. (इथे मनातली ओल वगैरे लिहायचा मोह होतोय, पण नको.) इतकी वर्षं साठलेलं भांडण होतं, सगळं चुन्यावर भांडून घेतलं. बाकीच्या विषयाला कोणी हात लावला नाही आणि लावेल असं वाटतही नाही.

चुनाच ठरला, अर्थात.

"त्याला विचार, रंग कुठला चालेल," अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले. मी म्हटलं, कोणाला? "कोणाला म्हणजे? घरात आहे ना एक तुझ्या."

आता विचारायला हवं. पण आमच्या ह्याला जगातले सगळे रंग क्रीमच दिसतात, त्याचं काय करू?