केकवर पण झेंडा, विमानतळावर पण झेंडा

डेन्मार्कमध्ये कुणाचा वाढदिवस आहे हे विचारावंच लागत नाही, अंगणातल्या खांबावर लाल झेंडा आणि त्यावर पांढरा क्रॉस दिसला की समजायचं. केकवर टूथपिकला चिकटवलेले बारके झेंडे, टेबलावर उभा छोटा झेंडा, ख्रिसमस ट्रीवर तर आपल्या पताकांसारखी झेंड्यांची माळच. विमानतळावर मुलगी सहा महिन्यांनी परत येत असेल तर अख्खं खानदान कागदी झेंडे हलवत उभं. आपल्याकडे झेंडा म्हटलं की शाळा, कडक इस्त्री आणि सावधान, त्यामुळे आईला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, अगं, केकवर झेंडा खोचलेला चालतो का?

या झेंड्याचं नाव डॅनब्रो. गोष्ट अशी सांगतात की 15 जून 1219 ला राजा वाल्डेमार दुसरा एस्टोनियात, म्हणजे आजच्या टालिनजवळ, लढाई हरत आला होता, आर्चबिशप हात वर करून प्रार्थना करत होते आणि आभाळातून हा झेंडा खाली पडला, मग काय, लढाई जिंकली. इतिहासकार काही हे मानत नाहीत, कारण ही कथा लिहिलेली सापडते ती थेट सोळाव्या शतकात. पण 14व्या शतकातल्या एका चित्रग्रंथात हा झेंडा रंगवलेला आहे, त्यामुळे अजून वापरात असलेल्या सगळ्यात जुन्या राष्ट्रध्वजांत तो धरतात. 15 जूनला अजून वाल्डेमार दिवस असतोच.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. शेकडो वर्षं हा झेंडा राजाचा आणि सैन्याचा होता, 1834 मध्ये तर सामान्य माणसाने तो लावायला बंदीच घातली होती. मग 1848 ते 50 चं श्लेस्विगचं, म्हणजे जर्मनीलगतच्या दक्षिणेकडच्या भागासाठीचं, युद्ध झालं, लोकांनी झेंडा मनाने आपलासा करून टाकला आणि 1854 ला सरकारने परवानगी दिली. म्हणजे हा घरगुतीपणा लोकांनीच आणलाय. आपल्याकडे पण सामान्य नागरिकाला वर्षभर तिरंगा लावता येतो तो 2002 पासूनच ना, त्याआधी ठरावीक दिवशीच.

आता हे सगळं म्हणजे वाट्टेल ते चालतं असं नाही हं. सूर्यास्ताला झेंडा उतरवायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. शेपटीसारखी दोन टोकं असलेला झेंडा राजघराण्याचा आणि सरकारचा, आपण साधा चौकोनी लावायचा. रात्रभर खांब रिकामा नको वाटला तर विंपल नावाची लांबट, निमुळती पताका लावतात, तिला चोवीस तास मुभा. 9 एप्रिलला, 1940 मध्ये जर्मनांनी देश घेतला त्या दिवशी, दुपारी बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर आणि मग पूर्ण वर.

आणि इथल्या आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: 1 जानेवारी 2025 पासूनच्या कायद्याने खांबावर दुसऱ्या देशाचा झेंडा लावता येत नाही, शेजारचे नॉर्डिक देश, जर्मनी वगैरे अपवाद आहेत, भारत त्यात नाही. त्यामुळे 15 ऑगस्टला आम्ही सगळे हातातले छोटे तिरंगेच घेतो, त्याला काही अडचण नसते.