मुलांच्या हातची ईस्टर सजावट: कांद्याची साले, अळीव आणि बर्चच्या फांद्या

फांद्या, पाने, शेवाळ, गव्हाचे अंकुर आणि घरच्या रंगांत रंगवलेली अंडी यांनी ईस्टरची सजावट करायची असेल, तर तिची तयारी ईस्टरच्या आठवड्यात सुरू करून भागत नाही, कारण यातील प्रत्येक वस्तूला स्वतःचा वेळ लागतो. आम्ही जर्मनीत न्यूरेंबर्गला राहतो. येथील बहुतेक घरांत ईस्टरच्या सुमारास फुलदाणीत फांद्या ठेवून त्यांवर पोकळ केलेली रंगीत अंडी टांगण्याची पद्धत आहे, आणि मुले शाळेत व बालवाडीत ती पाहत असल्याने आमच्या घरीही ती रुजली. बाजारात यासाठी प्लास्टिकची अंडी आणि प्लास्टिकचे हिरवे गवत सहज मिळते. परंतु वसंताच्या सणाला वसंतातील एकही खरी वस्तू घरात येऊ नये, हे मला फार खटकते. म्हणून २०२५ साली नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना सोबत घेऊन सगळी सजावट नैसर्गिक साहित्यातून केली. त्या सजावटीचा हा अनुभव आहे.

पहिला विचार करावा लागला तो तारखेचा. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार हा ईस्टरचा दिवस, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. २०२४ साली तो होळीनंतर लगेचच्या रविवारी, म्हणजे ३१ मार्चला आला होता. २०२५ साली हनुमान जयंतीनंतर आठवडाभराने, २० एप्रिलला आला. तिथीप्रमाणे सण पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटत नाही, पण सजावटीच्या साहित्यावर त्याचा मोठा परिणाम होतो. ईस्टर लवकर आला तर बाहेर बहुतेक झाडे उघडी असतात आणि फॉर्सिथियाच्या कळ्यांच्या फांद्या आठवडा-दोन आठवडे आधी घरात आणून कोमट पाण्यात ठेवाव्या लागतात, म्हणजे त्यांवर वेळेवर पिवळी फुले येतात. ईस्टर उशिरा आला तर फॉर्सिथियाचा बहर ओसरलेला असतो, पण बर्चला कोवळी पालवी फुटलेली असते आणि गवतात अंड्यांवर ठसे घेण्यासाठी हवी तशी नाजूक पाने मिळू लागतात. आम्ही या दुसऱ्या प्रकारच्या वर्षासाठी बेत आखला.

सर्वांत आधी, म्हणजे मार्चच्या सुरुवातीलाच, कांद्याची साले साठवायला घेतली. आपल्या स्वयंपाकात कांदा इतका लागतो की साले गोळा करणे हे काम राहतच नाही. फक्त ती कोरडी राहतील अशा कागदी पिशवीत टाकण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी लागते. ते काम धाकट्याने स्वतःकडे घेतले. पिवळ्या कांद्याची आणि लाल कांद्याची साले त्याने वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली, आणि ते योग्यच होते, कारण पिवळ्या कांद्याच्या सालींतून नारिंगी ते विटकरी छटा येतात, तर लाल कांद्याच्या सालींचा रंग अधिक गडद आणि तपकिरी उतरतो.

फांद्यांच्या बाबतीत येथे एक गोष्ट मुलांना आधीच समजावून सांगावी लागते. जर्मनीच्या निसर्ग संरक्षण कायद्याप्रमाणे १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात झुडपे आणि कुंपणाची झाडी सपाट छाटता येत नाही, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. जिथे संरक्षित क्षेत्राचे निर्बंध नाहीत तिथून स्वतःच्या वापरापुरत्या थोड्या फांद्या, पाने किंवा शेवाळ घेण्यास मात्र मुभा आहे. विलोच्या मऊ, रुपेरी तुऱ्यांच्या फांद्या ईस्टरच्या सजावटीत सर्वांना हव्या असतात. पण वसंताच्या आरंभी मधमाश्यांना आणि भुंग्यांना परागकण मिळतात ते प्रामुख्याने याच तुऱ्यांतून, म्हणून रानातल्या विलोला हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले आणि त्या फांद्यांची एक लहानशी जुडी फूलवाल्याकडून आणली. बर्चच्या आणि हेझलच्या फांद्या शेजारच्या जर्मन आजींनी त्यांच्या बागेतून दिल्या. कोणती फांदी कुठून कापली तर झाडाला त्रास होत नाही, हे त्यांनी मुलीला हाताला धरून दाखवले. शेवाळही आम्ही त्यांच्या बागेतील सावलीच्या कोपऱ्यातूनच, दोन्ही ओंजळींत मावेल इतकेच घेतले.

ईस्टरच्या दहा-बारा दिवस आधी गहू पेरले. सजावटीत अंडी ज्या हिरव्या गवतात ठेवतात ते येथे पुष्कळ घरी ताटलीत गहू पेरून उगवतात, आणि नवरात्रात घट बसवताना माती पसरून धान्य पेरणे मुलांनी घरी पाहिले असल्याने हे काम त्यांना शिकवावे लागले नाही. गहू रात्रभर भिजवले, पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटे माती घालून त्यावर दाटीवाटीने पसरले आणि वरून मातीचा पातळ थर दिला. नंतर ईस्टरला आठवडा उरला असताना अळीव पेरले. जर्मन घरांत अंड्याच्या अर्ध्या टरफलात ओला कापूस ठेवून त्यावर जी हिरवी भाजी उगवतात ती अळिवाचीच. त्यामुळे लाडवांसाठी भारतातून आणलेल्या पाकिटातले चमचाभर अळीव आमच्या कामी आले. पाण्याचा थेंब पडताच बी बुळबुळीत होते, एक-दोन दिवसांत मोड येतात आणि आठवड्याभरात टरफलाच्या डोक्यावर हिरवे केस उगवल्यासारखे दिसतात. टरफलावर डोळे आणि तोंड काढण्याचे काम अर्थातच धाकट्याचे होते. लहान मुलाला रोज पाहण्यासारखे काही तरी हवे असते, आणि त्या दृष्टीने अळिवाइतके तत्पर बी माझ्या माहितीत नाही.

अंडी निवडताना पांढरी निवडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तपकिरी अंड्यांवर कांद्याचा रंग सुंदर चढतो, पण निळा आणि पिवळा रंग त्यांवर मळकट दिसतो. येथे दुकानातील प्रत्येक अंड्यावर कोंबडी कोणत्या पद्धतीने पाळली आहे हे सांगणारा आकड्यांचा शिक्का असतो, त्यात पहिला ० म्हणजे सेंद्रिय आणि १ म्हणजे मोकळ्या आवारात फिरणारी. तो शिक्का व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसता येतो, आणि त्याच पुसण्याने टरफलावरचा तेलकटपणाही जातो, म्हणून रंग एकसारखा बसतो. पुसण्याचे काम मुलांनी केले.

टांगण्याची अंडी पोकळ करावी लागतात. जाड सुईने दोन्ही टोकांना भोक पाडायचे, खालचे भोक किंचित मोठे करायचे, सुई आत फिरवून बलक फोडायचा आणि हवेच्या दाबाने सगळे वाटीत काढायचे. पुष्कळ जण तोंडाने फुंकतात. परंतु कच्च्या अंड्यातील साल्मोनेला जंतूंचा विचार करून मी मुलांना तोंड लावू दिले नाही आणि औषधाच्या दुकानात मिळणारा लहानसा रबरी फुगा वापरला. मुलीला सुईचे काम जमले. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती मी सुई देणार नाही, पण फुगा दाबण्यात त्याला जो आनंद झाला तो पुरेसा होता. रिकामी अंडी आतून धुऊन पालथी सुकवली आणि वाटीतल्या अंड्यांची भुर्जी झाली.

रंगकाम हा या सगळ्यातला सर्वांत समृद्ध भाग आहे आणि त्यासाठी सुट्टीचा अख्खा दिवस ठेवावा असे मी सुचवेन. कांद्याची दोन-तीन मुठी साले एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळली. लाल कोबी चिरून तेवढ्याच पाण्यात तितकाच वेळ शिजवला. तिसऱ्या पातेल्यात हळद उकळली. गाळून थंड केलेल्या प्रत्येक रंगात दोन-तीन चमचे व्हिनेगर घातले, कारण आम्लाने टरफलाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग पकडतो. गरम पातेल्यांशी मुलांचा संबंध येऊ दिला नाही. थंड झालेल्या रंगांची भांडी त्यांच्या ताब्यात दिली. पोकळ अंडी पाण्यावर तरंगतात, म्हणून त्यांच्यात आधी रंगाचेच पाणी भरून त्यांना बुडवावे लागते आणि वर लहान ताटली ठेवावी लागते.

कोबीच्या पाण्याने मुलांना सर्वांत जास्त विचार करायला लावले. व्हिनेगर घातल्यावर जांभळे पाणी गुलाबी झाले आणि मुलगी गुलाबी अंड्यांची वाट पाहू लागली. रात्रभर शीतकपाटात ठेवल्यावर सकाळी अंडी निळी निघाली. कोबीचे रंगद्रव्य आम्लात गुलाबी दिसते आणि आम्लता कमी झाली की निळ्याकडे वळते. टरफल हे कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने ते स्वतःच्या पृष्ठभागापाशी आम्ल शोषून टाकते, म्हणून पाणी गुलाबी आणि अंडे निळे. हे कळल्यावर तिने हळदीच्या अंड्याला साबणाचे पाणी लावून पाहिले आणि तो डाग लाल झाला. तेव्हा हळदीत चुना मिसळून कुंकू कसे करतात हे सांगण्याची संधी मला आपसूक मिळाली. पिवळे झालेले अंडे कोबीच्या पाण्यात ठेवून तिने हिरवा रंगही मिळवला. पालक आणि बीट यांच्याविषयी पुष्कळ सांगितले जाते, पण पालकाचा रंग जवळजवळ दिसत नाही आणि बिटाचा लवकर विटतो. माझ्या मते कांदा, कोबी आणि हळद एवढ्यांतच सर्व काही साधते.

पानांचे ठसे घेण्यासाठी अंडे ओले करून त्यावर पान चपटे चिकटवायचे, जुन्या नायलॉनच्या पायमोज्याच्या तुकड्यात ते ताणून गुंडाळायचे आणि दोऱ्याने घट्ट बांधून रंगात सोडायचे. तिपतिया, यॅरो आणि पार्स्ली ही येथील नेहमीची पाने. आम्ही त्यांत कोथिंबीर वाढवली, आणि विटकरी रंगात उमटलेली तिची नक्षी सर्वांपेक्षा रेखीव आली. पान जितके पातळ आणि चपटे तितका ठसा स्वच्छ, आणि पायमोजा जितका ताणलेला तितकी कड स्पष्ट. पान चिकटवण्यासाठी लहान मुलांची बारीक बोटे मोठ्यांच्या बोटांपेक्षा कितीतरी सोयीची असतात. मुलीला याहून अवघड काही हवे होते, म्हणून गडद रंगलेल्या अंड्यावर तिने सुईच्या टोकाने खरवडून पांढऱ्या रेषांची नक्षी काढली. पूर्व जर्मनीतील बाउत्सेन शहराच्या परिसरात राहणाऱ्या सॉर्ब या स्लाव्ह अल्पसंख्याक लोकांची अंडी यासाठी प्रसिद्ध आहेत. खरवडण्याबरोबरच हंसाच्या पिसाचे टोक कापून त्याने वितळलेल्या मेणाचे ठिपके देण्याची त्यांची कलाही मोठी आहे. सुकलेल्या अंड्यांवर शेवटी तेलाचा एक थेंब चोळला की रंगांना झळाळी येते.

शाळेला १४ एप्रिलपासून सुट्टी होती, त्यात एक दिवस आम्ही न्यूरेंबर्गच्या उत्तरेकडील फ्रँकिश स्वित्झर्लंड या डोंगराळ भागात ईस्टरच्या विहिरी पाहायला गेलो. चुनखडीच्या या पठारावर पाणी खाली झिरपून जाते, त्यामुळे पूर्वी झऱ्यांना आणि विहिरींना येथे फार मोल होते, आणि वसंतात त्या साफ करून सजवण्याची प्रथा गावोगावी टिकून आहे. बीबरबाख गावातील विहीर हजारो रंगवलेल्या अंड्यांनी सजवलेली असते. मुलांचे लक्ष अंड्यांइतकेच स्प्रूसच्या डहाळ्यांच्या माळांकडे गेले, आणि घरी येऊन त्यांनी विलोच्या लवचीक काड्या एकमेकींत गुंफून एक कडे केले, त्यावर बारीक सुतळीने हिरव्या डहाळ्या बांधल्या. विलोच्या काड्या तासभर पाण्यात भिजवल्या की मोडत नाहीत. हे शेजारच्या आजींनी सांगितले नसते तर आम्हाला सुचले नसते.

गुड फ्रायडेनंतरच्या शनिवारी सगळे एकत्र मांडले. काडेपेटीच्या अर्ध्या काडीला मध्यभागी दोरा बांधून ती वरच्या भोकातून आत सरकवली की ती आडवी होते आणि अंडे टांगता येते. हिरव्या कड्याच्या मध्यभागी शेवाळाचे घरटे केले, त्यात उकडलेली रंगीत अंडी ठेवली, शेजारी गव्हाचे भांडे आणि अळिवाचे केस वाढलेली टरफले. आजी चहाला आल्या तेव्हा त्यांनी मुलांना सांगितले की पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, पण कोंबड्या अंडी देतच राहत, म्हणून साठलेली अंडी उकडून, रंगवून सणाला वाटत असत. रविवारी सकाळी अळीव कात्रीने कापून लोणी लावलेल्या पावावर पसरले आणि शेवाळातील अंड्यांबरोबर खाल्ले.

दोन आठवड्यांनी फांद्या, शेवाळ आणि गव्हाचे गवत ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले. दोरे आणि पायमोज्याचे तुकडे पुढच्या वेळेसाठी धुऊन ठेवले. हळदीची अंडी खिडकीतील उन्हाने तोवर फिकट झाली होती, कांद्याची आणि कोबीची मात्र टिकली. ती पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून प्रत्येक अंड्याच्या तळाशी मुलीने पेन्सिलने साल लिहिले, आणि कांद्याच्या सालींची नवी पिशवी धाकट्याने स्वयंपाकघराच्या दाराला अडकवून ठेवली आहे.