फिल्टरमधल्या भुशाने लावला प्लेकोचा पत्ता

माझ्या टाकीतला पट्टेरी प्लेको, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश, मागच्या दोन अपडेटमध्ये मी ज्याला छातीठोकपणे हायपॅन्सिस्ट्रस (प्लेकोंचाच एक वंश) म्हणत होतो, तो हायपॅन्सिस्ट्रस नाहीच!

नांदेडच्या दुकानातून ‘टायगर प्लेको’ म्हणून आणला होता. या नावाखाली पट्ट्यांचा कुठलाही मासा विकतात, त्यामुळे एल-नंबर (प्लेकोच्या प्रकाराचा ओळख-क्रमांक) विचारल्याशिवाय घेऊ नका. आधी पाठीच्या पराचे काटे मोजले. पुढचा कडक काटा सोडून सात. म्हणजे सेलफिन (मोठ्या पराचा प्लेको) बाद, त्याला दहा किंवा जास्त असतात. पण पुढे गाडी अडली ती अडलीच. हायपॅन्सिस्ट्रस, पेकोल्टिया, पॅनाकोलस, प्लेकोंच्या या तिन्ही वंशांना सातच. पट्टे बघून ठरवावं, तर दिवा लावला की फिकट, लाकडाखाली शिरला की गडद. तीन आठवडे यातच गेले.

मग रविवारी स्पंज फिल्टर पिळला, तर बादलीत भुसा! सुताराच्या रंध्याखाली पडतो तसाच, फक्त पिठासारखा बारीक. टाकीतलं ड्रिफ्टवूड (पाण्यात ठेवलेलं लाकूड) उलटं करून चाचपलं, तर खालून खरवडून खोलगट झालेलं. तेव्हा म्हटलं, आता दातच बघायचे.

परवा रात्री अकराला तो समोरच्या काचेला चिकटला. टॉर्च तिरका धरला, भिंग लावलं. दात मोजकेच, आणि टोकाला चमच्यासारखे पसरट. पेकोल्टियाचे बारीक आणि पुष्कळ असतात, हायपॅन्सिस्ट्रसचे दुटोकी. पॅनाकोलस! आनंदाने झोपच लागली नाही.

वर्षभरात साडेसात सेंटिमीटरवर थांबलाय, म्हणून माझा कौल पॅनाकोलस मॅकसला, म्हणजे 1993 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या व्हेनेझुएलाच्या क्लाउन प्लेकोला. पण याच वंशात (जीनसमध्ये) इतरही पट्टेवाले आहेत, त्यामुळे वंश पक्का, जात अजून नाही.

आता ब्लडवर्म (लाल अळ्यांचं खाद्य) जवळजवळ बंद. दुधी, काकडी आणि कायम लाकूड. लाकडातलं सेल्युलोज त्याला फारसं पचत नाही, म्हणून नुसत्या लाकडावर ठेवायचं नाही. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 800 आहे, ते निम्मं आरओ घालूनच देतोय.

ब्रीडिंगसाठी मातीच्या गुहा मागवणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं, गुहाच लाकडाची केली तर? मावशीच्या परसातल्या पेरूची जाड फांदी दोन वर्षांपासून वाळत पडलीय. साल काढायची, उकळायची, एका टोकाकडून पोखरायची. मावशीला फोन केला, ती म्हणाली, “ये रविवारी, करवत घेऊनच ये.”