दोर्दोन्यच्या काठी, एकाच घरात आठवडाभर

आमच्याकडे सहल ठरायची म्हटली की वही निघते. यंदा पहिल्याच पानावर लिहून टाकलं: आठवडाभर एकच घर. आई सत्तरीची, बाबांचे गुडघे दुखरे, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठण्यात सगळ्यांचीच दमछाक होते, हे आधीच्या सहलीत पुरतं कळलं होतं. म्हणून नैऋत्य फ्रान्समधलं पेरिगोर निवडलं. दोर्दोन्य नदीचं खोरं, अक्रोडाच्या बागा, मधाच्या रंगाच्या दगडाची गावं.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आम्हाला फार सोयीचा पडला. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि फ्रेंच कुटुंबांची गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये उसळते. शिवाय रात्री साडेनऊपर्यंत उजेड. फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो वेळेत करून टाका. पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोनेक तास लागतात, पुढे गाडी भाड्याने. खेड्यांत बसच्या भरवशावर राहू नका. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर सांगून ठेवावी लागते आणि दहा वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या मापाचं सीट सक्तीचं आहे.

राहण्यासाठी तिकडे 'झीत' मिळतात, म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याने दिलेलं घर. सहसा शनिवार ते शनिवार. चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे आहेत का, ते आधीच विचारा. माझी चूक झाली ती वाणसामानाची. शनिवारी संध्याकाळी उशिरा पोचलो तर गावातलं एकुलतं दुकान बंद! आईने पिशवीतून पोहे काढले, म्हणून मुलं जेवून झोपली. रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंदच असतात, कित्येक सोमवारीही उघडत नाहीत आणि रोज दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी असतेच. एकदा हे अंगवळणी पडलं की त्या संथपणाचीच गोडी लागते.

जवळच्या सार्ला गावाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. बुधवारी गेलो. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर', म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. आईने हे सगळ्यांत आधी उचललं. स्ट्रॉबेरी, अक्रोड आणि बकरीच्या दुधाचं काबेकू नावाचं चीज घेतलं. पेढ्यासारखी चपटी, मऊ चकती, मुलांनी पावाला लावून तिथेच फस्त केली. हा मुलूख बदकाच्या मांसाचा, शाकाहाऱ्यांना हॉटेलात फारसं काही मिळत नाही. घरचं स्वयंपाकघर इथे कामी आलं. त्या अक्रोडांची आईने लसूण-तिखट घालून चटणी कुटली आणि ती आठवडाभर पुरली.

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते गुहांबद्दल. लास्को या गुहेतली आदिमानवाची चित्रं 1940 साली चार पोरांना सापडली. ती सतरा हजार वर्षांहून जुनी आहेत. पण माणसांच्या श्वासाने भिंती खराब होऊ लागल्या, म्हणून मूळ गुहा 1963 साली लोकांसाठी बंद झाली. माँतिन्याक गावात 2016 मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती पाहिली. पाच मीटरहून मोठा बैल डोक्यावर धावताना पाहून लेकीने विचारलं, "आई, अजिंठ्याची चित्रंपण आपल्या श्वासाने खराब होतात?" हो म्हणताना माझा घसा दाटून आला.

बाबांना मात्र रुफिन्याकची गुहा आवडली, कारण तिथे विजेवरची छोटी गाडी बसल्या जागी गुहेत खोलवर नेते. आत गारठा असतो, स्वेटर हवाच. गाडी थांबली, दिव्याचा झोत भिंतीवर पडला आणि ओरखडे दिसले, अस्वलांच्या नख्यांचे. खाली जमिनीत त्यांनी हिवाळी झोपेसाठी केलेले गोल खळगे, आणि जवळच माणसाने कोरलेला मॅमथ, म्हणजे नामशेष झालेला केसाळ हत्ती. मुलगा बाबांचा हात घट्ट धरून बसला होता. बाबा पुटपुटले, "अरे, इथे आधी ती राहत होती." त्या अंधारात मग कुणी बोललंच नाही.

नदीचा दिवस ठेवाच. आई-बाबांनी ला रोक गाजाक गावाहून तासाभराची नौकाफेरी केली, आम्ही चौघं कनूतून, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होडीतून, प्रवाहाबरोबर निघालो. शंभर वर्षांच्या युद्धात फ्रेंच आणि इंग्रजांचे असलेले बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले आजही आमनेसामने उभे आहेत. वल्ही थांबवली की पाण्याचा आवाज तेवढा.

फाँ द गोम ही गुहा राहिली. तिथली मूळ रंगीत चित्रं अजूनही पाहता येतात, पण रोज मोजक्याच लोकांना आत सोडतात आणि आम्हाला तिकीट मिळालं नाही. वहीत त्याच्यापुढे गोल करून ठेवलाय.