मोत्याची साखर

आजारी माणसाला भेटायला जाण्याची आपल्याकडची रीत मोठी अवघड आहे. पाहुणा शहाळे घेऊन येतो, पलंगाशेजारच्या खुर्चीवर टेकतो, रिपोर्टमधले आकडे विचारून घेतो आणि मग ‘आमच्या आत्याच्या नणंदेलाही अगदी हेच झालं होतं’ अशी सुरुवात करून, त्या नणंदेचे पुढे काय झाले हे ऐन वेळी आठवल्यामुळे, मध्येच थांबतो. त्याचा हेतू चांगला असतो हे रुग्णाला कळते. तरीही तो गेल्यावर त्याला हायसे वाटतेच. कोथरूडच्या ज्या कट्ट्यावर आम्ही काही जण संध्याकाळी बसतो, तिथे हा प्रकार फारसा होत नाही, आणि त्याचे श्रेय मी आमच्या समंजसपणाला देणार नाही. ते आमच्या कुत्र्या-मांजरांचे आहे.

कट्टा म्हणजे बागेच्या कुंपणालगतची बैठी भिंत. आत कुत्र्यांना मज्जाव आहे, म्हणून आम्हीही बाहेर. बहुतेकांनी साठी ओलांडलेली; कोणाच्या हृदयात स्टेंट, कोणाचा गुडघा बदललेला, कोणाचा बदलायचा राहिलेला. अशा मंडळींच्या गप्पा शेवटी एचबीएवनसीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर, येऊन थांबायच्याच. आमच्याही थांबतात, पण मोत्याच्या मार्गाने.

मोत्या हा आमच्या मॅनेजरांचा गावठी कुत्रा. मॅनेजर बँकेतून निवृत्त झाले, पण हुद्दा आम्ही काढून घेतला नाही. मध्यंतरी मोत्या भसाभसा पाणी पिऊ लागला, रात्री उठून दार खाजवू लागला आणि भरपूर खाऊनही वाळत चालला. मॅनेजरांना ही लक्षणे ओळखीची होती, कारण त्यांना स्वतःला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत. पशुवैद्यांनी रक्त आणि लघवी तपासून तेच निदान केले. माणसांचे पुष्कळदा वर्षानुवर्षे गोळ्यांवर भागते. कुत्र्यांचे सहसा भागत नाही, त्यांना इन्सुलिनच लागते, तेही दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. आता गंमत अशी, की मॅनेजरांच्या डॉक्टरांनी त्यांनाही इन्सुलिन सुरू करायला केव्हाचे सांगितले होते आणि सुईच्या धास्तीने ते दरवेळी ‘पुढच्या रिपोर्टनंतर बघू’ म्हणून टाळत आले होते.

मोत्याच्या बाबतीत टाळाटाळ चालली नाही. सकाळ-संध्याकाळ सातच्या ठोक्याला त्याचे वाडगे भरते आणि फ्रीजमधली कुपी बाहेर येते. ते दुधाळ औषध जोरजोराने हलवायचे नसते, फेस आला की माप चुकते. म्हणून मॅनेजर कुपी दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच घोळवतात. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांमध्ये एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि इन्सुलिनच्या पेनमधल्या काडतुसात 100, त्यामुळे सिरिंज 40 च्या मापाची, लाल टोपणाचीच हवी, 100 च्या मापाची नारिंगी नव्हे, हे त्यांनी आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतले आहे. मोत्या खाण्यात गुंतलेला असतानाच बरगडीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई आत सरकवायची. तो वर मान करूनही पाहत नाही. त्याने पुरेसे खाल्ले नसेल, तर मात्र इंजेक्शन नेहमीसारखे द्यायचे नाही, आधी पशुवैद्यांना फोन करायचा, नाहीतर साखर एकदम खाली येते. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. मोत्याच्या नशिबी ते तूपही नाही, कारण त्याला स्निग्ध पदार्थ बेताचेच द्यायला सांगितले आहेत.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की मॅनेजरांना ‘तुम्ही वेळेवर जेवलात का’ असे विचारलेले खपत नसे, पण ‘मोत्या जेवला का’ हे विचारल्यावर ते खुलून बोलतात आणि त्या बोलण्यातून घरात कोण केव्हा जेवले, कोण रात्री जागले, सारे कळते. माझ्या मते मैत्रीतली मदत पुष्कळदा अशी आडवळणानेच पोहोचते. सरळ समोरून आली, तर घेणाऱ्याला आपण दीनवाणे झाल्यासारखे वाटते.

पाळीव प्राण्यांमुळे रक्तदाब उतरतो, असे संदेश आमच्यातही फिरतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 मध्ये याविषयी निवेदन काढले होते. कुत्रा पाळण्याचा हृदयाच्या जोखमीशी चांगला संबंध असू शकतो, परंतु केवळ त्यासाठी म्हणून प्राणी घरी आणू नये, असा त्याचा आशय होता. मला ते पटते. पट्ट्याला हिसका बसून मनगट मोडून घेतलेले गृहस्थही याच कट्ट्यावर बसतात. प्राणी औषध नाहीत. ते इतरांना तुमच्या घरी येण्याचे निमित्त देतात, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोल कमी नाही.

आमच्या बाईंचेच पाहा. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, एकट्या राहतात. केमो सुरू व्हायच्या आधी त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केसांचा नव्हे, मनीचा विचारला. नातेवाइकांनी मांजर ताबडतोब कोणाला तरी देऊन टाकण्याचा धोशा लावला होता. डॉक्टरांनी सांगितले, की द्यायची गरज नाही. तिला बाहेर सोडू नका, कच्चे मांस देऊ नका आणि तिच्या शीचा ट्रे दुसऱ्या कोणाकडून तरी रोज साफ करून घ्या. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि केमोमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला तो जड जातो. पण ताज्या विष्ठेतला हा परजीवी संसर्गक्षम व्हायला निदान एखादा दिवस लागतो, म्हणून ‘रोज’ला महत्त्व. हे काम अंगावर घेतले आमच्या वकिलांनी, ज्यांना मांजर डोळ्यांसमोर नको असते. हातमोजे चढवून, तोंड वाकडे करून ते रोज सकाळी जातात, ट्रे साफ करतात, मनीला चार शब्द सुनावतात आणि चहा घेऊन परततात. केमोनंतरच्या ज्या दिवसांत बाईंना अन्नाचा वास सोसत नसे आणि फोन उचलण्याचेही त्राण नसे, त्या दिवसांत कोणी ‘भेटायला’ आलेले त्यांना नको होते. वकील भेटायला येतच नव्हते. ते ट्रेसाठी येत होते.

तरीही एक प्रश्न कट्ट्यावर वारंवार निघतो: आपल्यामागे यांचे काय? कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, मांजर त्याहून जास्त. सत्तरीकडे झुकलेल्याने नवे पिल्लू आणताना हा हिशेब मनात येतोच. बाईंनी मग एका वहीत यादी केली. कोणाचा प्राणी कोणाकडे जाईल, डॉक्टर कोण, काय खातो, कशाला भितो. मनीपुढे वकिलांनी कोणी सांगण्याआधीच आपले नाव घातले आणि ‘तात्पुरते’ असा शेरा मारला. बाईंनी तो खोडला.

मोत्याची जागा मात्र रिकामी होती, कारण त्याच्याबरोबर कुपी आणि सुईही येते. मॅनेजरांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, तेव्हा हा विषय लांबवता येईना. गेल्या रविवारी त्यांनी आमचा वर्ग घेतला. सलाईनचे पाणी, लाल टोपणाच्या नव्या सिरिंजा आणि सरावाला मोसंबी. स्टेंटवाल्या मित्राचा हात पहिल्यांदा थरथरला, मग बसला; वकिलांनी सुई कशी धरावी यावर युक्तिवाद केला. कोणीतरी मॅनेजरांना विचारलेच, की आता स्वतःचे कधी सुरू करणार. ‘आधी मोत्याचं मार्गी लागू दे,’ ते म्हणाले. मग टोचून झालेल्या मोसंब्यांचे काय करायचे यावर बराच वेळ चर्चा झाली, कारण निम्म्या कट्ट्याला रस वर्ज्य आहे आणि उरलेल्या निम्म्याचा वकिलांच्या हातावर विश्वास नव्हता.